मोरीतला वाळा प्राणिसंग्रहालयात कसा दाखवायचा?

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एका तरी घरातून किंचाळी ऐकू येते. या वर्षी ती आमच्याच घरातून आली. शाळा सुरू व्हायला चार दिवस असताना राहायला आलेली भाची सकाळी मोरीत तोंड धुवायला गेली आणि तांब्या टाकून बाहेर पळाली. जाळीच्या भोकातून बुटाच्या लेसएवढं काहीतरी काळपट, चकचकीत वर येऊन वळवळत होतं.

"गांडूळ असेल, पाणी ओत," आई ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाली.

समोरच्या काकू दारातून डोकावल्या. "गांडूळ कसलं, वाळा आहे तो. कानात शिरतो. चप्पल आणा."

चप्पल यायच्या आत मी त्याला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घेतलं. लांबी वीतभरही नाही. दोन्ही टोकं सारखीच बोथट. गांडुळाच्या अंगावर असतात तशी वळी नाहीत, तेल लावून पुसल्यासारखे बारीक खवले. मोबाइलचा टॉर्च धरला तेव्हा एका टोकाला मोहरीहून लहान दोन काळे ठिपके दिसले, खवल्याच्या आत दबलेले. ते डोळे. आणि क्षणभर केसाएवढी दुभंगलेली जीभ लवलवून आत गेली. म्हणजे सापच. बिनविषारी, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खाणारा, आणि आपल्या कानाशी काडीचं देणंघेणं नसलेला. जमिनीत पाणी भरलं की बिचारा वर येतो आणि थेट कुणाच्या तरी मोरीत निघतो.

या वाळ्याची आणखी एक गंमत म्हणजे आजवर तपासलेले वाळे सगळे माद्याच निघाले आहेत. नराशिवाय अंडी घालायची आणि त्यातून पुन्हा माद्याच. त्यामुळे कुंडीच्या मातीत लपून एकटा वाळा जरी बोटीवर चढला तरी पलीकडच्या देशात त्याचा संसार उभा राहतो. आपल्या भागातला हा जीव अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत असाच पोचला. इंग्रजीत त्याला कुंडीतला साप म्हणतात ते त्यामुळेच.

भाचीची भीती एव्हाना गेली होती. डब्यात डोकावत तिने विचारलं, "मामा, हा राणीच्या बागेत का नाही ठेवत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकलो. पिंजऱ्यात माती भरली तर वाळा आत जाणार आणि लोक तिकीट काढून माती बघणार. माती काढली तर वाळा दिसेल, पण तो भिंतीला अंग घासत, लपायला जागा शोधत जीव टाकेल. जमिनीखालचे आणि गुहेतले प्राणी दाखवणाऱ्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयापुढे नेमका हाच पेच असतो. त्यातून वाटा कशा काढल्या गेल्या, ते सांगतो.

राणीची बाग १८६२पासून उघडी आहे. २०१७मध्ये तिथे पेंग्विनचं दालन सुरू झालं तेव्हा भायखळ्यात पेंग्विन कसे जगणार, म्हणून बरीच चर्चा झाली होती. पण गारवा तयार करणं खर्चिक असलं तरी समजायला सोपं आहे. हवा थंड करायची, पाणी थंड करायचं, काच लावायची. अंधाराचं तसं नाही. पाहणाऱ्यासाठी दिवा लावला की अंधारच संपतो.

पाहुणे, भाडेकरू आणि मालक

आधी खाली राहतं कोण, ते बघू. गुहेतल्या प्राण्यांचे शास्त्रज्ञ ढोबळमानाने तीन गट करतात. मुंबईकराला ते एका मिनिटात कळतात.

पहिले पाहुणे. झोपायला, वीण घालायला गुहेत येतात, खायला बाहेर जातात. वटवाघळं आणि पाकोळ्या या गटातल्या. दुसरे भाडेकरू. गुहेत पिढ्यान् पिढ्या राहू शकतात, पण वेळ आली तर बाहेरही निभावतात. काही कोळी, काही रातकिडे असे असतात. तिसरे मालक, आणि तेही असे की दुसरीकडे घरच नाही. गुहेबाहेर ते जगूच शकत नाहीत. त्यांच्या अंगावर बहुधा रंग नसतो, डोळे नसतात किंवा नावाला असतात, आणि बऱ्याचदा हालचालही संथ. बिळात राहणारे प्राणी म्हणजे घूस, साळिंदर, मांडूळ, खवले मांजर. यांचा हिशेब थोडा वेगळा, कारण ते आपलं घर स्वतः खोदतात. गुहा मात्र आयती मिळते.

आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यांसमोर कान्हेरी येते, घारापुरी येते. ती लेणी. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली, तुलनेने उथळ, तोंडाशी उजेड असलेली. तिथे पाहुणे भरपूर, मालक जवळजवळ नाहीत. खऱ्या खोल गुहा तयार होतात त्या मुख्यतः चुनखडीत, कारण किंचित आम्ल असलेलं पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत हजारो-लाखो वर्षं आत शिरत जातं. सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळत नाही. म्हणून गुहांचं वैभव मेघालयाकडे आणि आपल्याकडे लेणी, घळी आणि खडकातल्या भेगा. या भेगांवर मी शेवटी पुन्हा येणार आहे.

डोळे का जातात, हा प्रश्न भाचीनेही विचारला. "वापरले नाहीत म्हणून गेले" हे आपलं नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. डोळा हा महागडा अवयव आहे. तो आणि त्याच्यामागे मेंदूचा जो भाग राबतो तो, दोघंही सतत ऊर्जा खातात. गुहेत हिरवं पान उगवत नाही, अन्न येतं ते पुराच्या पाण्यातून वाहून किंवा वटवाघळांच्या विष्ठेतून. अशा ठिकाणी न वापरायच्या गोष्टीचं बिल भरत राहणं परवडत नाही. एखाद्या पिल्लात बदल होऊन डोळा अर्धवट राहिला, तर उजेडात ते मेलं असतं. गुहेत त्याचं काही बिघडत नाही, उलट थोडी बचतच होते. असं पिढ्यान् पिढ्या होत जातं.

मेक्सिकोतला एक छोटा टेट्रा मासा याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. नदीतल्या टेट्राला डोळे आहेत, गुहेतल्याला नाहीत, आणि तरीही दोघांची एकमेकांपासून पिल्लं होऊ शकतात. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा तयार व्हायला लागतो. मग आतलं भिंग मरतं आणि काम थांबतं, वरून कातडी येते. शोभेच्या माशांच्या दुकानात हा फिकट गुलाबी मासा कधी कधी मिळतो. टाकीत सोडा, कशालाही न धडकता फिरेल. पाण्यातले बारीक दाब त्याला अंगावरच्या संवेदनशील ठिपक्यांच्या एका रांगेतून जाणवतात. प्राणिसंग्रहालयांचा हा आवडता, कारण त्याला उजेडाचं काहीच नसतं. भर दिव्यात ठेवला तरी तो आपल्या अंधारातच असतो.

दिवसाची रात्र

बाकीच्यांचं इतकं सोपं नाही. वटवाघूळ, साळिंदर, लाजवंती (झाडावर राहणारा वानरकुळातला छोटा प्राणी), खवले मांजर हे सगळे रात्री बाहेर पडतात आणि प्राणिसंग्रहालय सकाळी दहाला उघडून संध्याकाळी बंद होतं. आपण जातो तेव्हा ते झोपलेले. तरसाच्या दालनापुढे "कुठंय, कुठंय" करत अर्धा मिनिट थांबून पुढे गेलेली कुटुंबं मी किती तरी पाहिली आहेत. त्यात मीही आलोच.

यावर निघालेली तोड अशी: प्राण्याचं घड्याळच उलटं करायचं. रात्री दालनात लख्ख दिवे लावायचे, प्राणी समजतो दिवस आहे आणि झोपतो. सकाळी लोक यायच्या वेळेला दिवे मंद करायचे, तो उठतो आणि कामाला लागतो. शरीरातलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं, त्यामुळे काही दिवसांत ते नव्या वेळेला जुळवून घेतं. रात्रपाळीचे कामगार जाड पडदे लावून दिवसा झोपतात, त्यातलंच हे तत्त्व. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयाने १९५३मध्ये असं दालन केलं आणि ते जगातलं पहिलं मानलं जातं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९६९ साली याच कल्पनेवर एक अख्खी इमारत उभी राहिली. २००९मध्ये पैशांच्या टंचाईमुळे ती बंद करावी लागली आणि पुढे अनेक वर्षं बंदच होती. चोवीस तास दिवे आणि यंत्रं चालवणारी इमारत स्वस्तात पडत नाही. भारतात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात अशा उलट्या घड्याळाचं निशाचर दालन आहे.

पण मंद म्हणजे किती मंद, आणि कुठल्या रंगाचं? इथे लाल दिवा येतो.

डिजिटल कॅमेऱ्याआधी फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत लाल बल्ब असायचा, आठवतं? ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या कागदाला लाल रंग कळतच नव्हता. त्याच्या लेखी खोली अंधारी, फोटोग्राफरला मात्र दिसतंय. बहुतेक निशाचर सस्तन प्राण्यांचे डोळे त्या कागदासारखे आहेत. रंग ओळखणाऱ्या पेशी त्यांच्यात कमी प्रकारच्या असतात आणि गडद लाल प्रकाश त्यांना फारच अंधुक भासतो. आपल्याला दिसतं, त्यांना वाटतं रात्र आहे.

याची दुसरी बाजू आपल्या डोळ्यांत आहे आणि ती मला जास्त आवडते. आपल्याकडेही मंद उजेडात बघायच्या वेगळ्या पेशी असतात. लख्ख उजेडातून आत आल्यावर त्या पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. लोडशेडिंगमध्ये आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू कपाटाची कड दिसायला लागते, ते याच पेशींमुळे. गडद लाल प्रकाश या पेशींना जवळजवळ छेडत नाही. म्हणजे लाल दिव्यात तुमचे अंधारातले डोळे आणि उजेडातले डोळे दोन्ही कामाला राहतात. म्हणूनच चांगल्या निशाचर दालनात शिरताना आधी एक नागमोडी बोळ असते, पावलागणिक काळोख वाढत जाणारी. लोकांना वाटतं वातावरणनिर्मिती. खरं तर तो तुमच्या डोळ्यांना दिलेला वेळ असतो. ती बोळ धावत पार करून "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्यांनी परत मागे जाऊन सावकाश यावं.

लाल दिवा सगळ्यांना चालतो असं मात्र नाही. बऱ्याच पक्ष्यांना, पालींना, सरड्यांना लाल चांगला दिसतो. त्यामुळे काही ठिकाणी चांदण्यासारखा फिकट निळा उजेड वापरतात. आणि एक घोळ सर्रास होतो: दिवसा उजेड मंद ठेवतात, पण रात्री लख्ख करायचं राहून जातं, कधी वीज वाचवायला, कधी विसरून. मग त्या प्राण्याला ना दिवस ना रात्र. मी एका दालनात (कुठल्या, ते सांगत नाही) साळिंदराच्या डोक्यावर भर दुपारी ट्यूबलाइट जळताना पाहिली आहे. साळिंदर भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं आणि एक गृहस्थ त्याला उठवायला अंगठीने काच वाजवत होते.

बोडक्या उंदराचा चाळीतला संसार

बिळात राहणाऱ्यांसाठी उलटं घड्याळ पुरत नाही, कारण मध्ये माती आहे. त्यावरची युक्ती मुंग्यांपासून शिकलेली. दोन काचा उभ्या करायच्या, मध्ये बोटभरच जागा ठेवायची आणि तिथे माती भरायची. मुंगीला खोल जायला जागाच नसल्यामुळे तिचा प्रत्येक बोगदा कुठल्या तरी काचेला लागतोच. वारुळाचा उभा काप काढल्यासारखं दिसतं. मोठ्या प्राण्यांसाठी मातीऐवजी कृत्रिम बीळ करून त्याची एक बाजू काचेची ठेवतात. कधी काचेवर झडप असते: बघणारा नसला की आत अंधार, कुणी झडप उचलली की तेवढ्यापुरता उजेड.

या सगळ्या खटाटोपात सर्वात यशस्वी ठरलेला प्राणी मात्र दिसायला एकदम केविलवाणा आहे. इंग्रजीत नेकेड मोल-रॅट. मोल (जमीन पोखरणारा चिचुंद्रीसारखा प्राणी) नाही, रॅटही नाही, पण कुरतडणाऱ्यांच्याच मोठ्या कुळातला. मराठीत नाव नाही, मी आमच्यापुरतं बोडका उंदीर असं ठेवलंय. पूर्व आफ्रिकेत, म्हणजे इथिओपिया, केनिया, सोमालियाच्या कोरड्या जमिनीत राहतो. बोटाएवढा, गुलाबी, सुरकुतलेला, जवळपास आंधळा, आणि पुढचे दात ओठांच्या बाहेर. दात बाहेर असल्याने माती खणताना तोंड मिटलेलं राहतं आणि माती घशात जात नाही. खालचे दोन दात तो चिमट्यासारखे वेगवेगळे हलवू शकतो. अंगातल्या स्नायूंपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या जबड्यात.

त्याचं सामाजिक जीवन मधमाश्यांसारखं. एका वसाहतीत सत्तर-ऐंशी, कधी तीनशेपर्यंत उंदीर, आणि पिल्लं फक्त एका राणीला. बाकीचे खोदतात, अन्न आणतात, पिल्लं सांभाळतात. सस्तन प्राण्यात असंही असतं हे जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१मध्ये जगापुढे मांडलं तेव्हा जीवशास्त्रात खळबळ उडाली होती. बोगद्यात हवा कोंदट, कार्बन डायऑक्साइड जास्त, पण यांना त्याचं काही वाटत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत हे उंदीर १८ मिनिटं टिकले. अशा वेळी त्यांचा मेंदू साखरेचा वेगळा प्रकार, फळांतली साखर, ऑक्सिजनशिवाय जाळून तग धरतो. आणि एवढ्याशा जिवाचं आयुष्य तीस वर्षांहून जास्त. घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो.

प्राणिसंग्रहालयात तो का जमतो? मातीऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या आणि खोल्या जोडून दिल्या तरी चालतात, कारण बिळ म्हणजे काय हे त्याला डोळ्यांनी कळत नाही, अंगाने कळतं. दोन्ही बाजूंनी भिंत अंगाला लागली की झालं. उजेड असला-नसला, त्याचं फार काही अडत नाही. नळ्यांत दोघे समोरासमोर आले की एक सरळ दुसऱ्याच्या पाठीवरून चढून पुढे जातो. वरचढ असतो तो वरून जातो, हे विशेष. आमच्या चाळीच्या जिन्यात उलटं आहे, तिथे हंडा घेतलेल्याला वाट देतात.

खोल्यांचीही वाटणी ठरलेली. एक झोपायची, एक अन्नाची, आणि एक संडासाची, जी सगळे शिस्तीत वापरतात. त्या खोलीत लोळून सगळ्यांच्या अंगाला वसाहतीचा एकच वास लागतो, त्यावरून आपला-परका कळतो. म्हणून दालन साफ करणाऱ्याची पंचाईत होते. घाण दिसते म्हणून सगळं एका दिवशी धुऊन काढलं तर वसाहतीची ओळखच पुसली जाईल. थोडं मळकं ठेवावं लागतं, आणि मग काचेपलीकडून कुणीतरी म्हणतंच, "शी, साफ नाही करत हे लोक."

ऊब हाही मोठा प्रश्न. बोडक्या उंदराला स्वतःचं तापमान धड राखता येत नाही, बिळातली तीस अंशांच्या आसपासची स्थिर हवा त्याला लागते. मुंबईत हे निम्मं काम फुकट झालं असतं. पण आवाज आणि हादरे यांचं काय करायचं? आंधळ्या जिवाला जग कळतं ते जमिनीतल्या कंपनांतून. काचेवर टिचकी मारणं म्हणजे त्याच्या लेखी घरावर हातोडा. आणि ज्या शहरात दर दुसऱ्या गल्लीत पायलिंग चालू, तिथे ते दालन रबराच्या गादीवर तोलून ठेवावं लागेल.

दगडाची, सिमेंटची आणि थर्माकोलची गुहा

गुहेची दालनं मला फारशी पटत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. लोखंडी जाळीवर सिमेंट फवारून, रंग देऊन केलेली गुहा लांबून हुबेहूब वाटते. आमच्या मंडळात गणपतीला थर्माकोलची गुहा करायचे, तीही वाटायची. पण गुहा म्हणजे नुसती दगडाची भिंत नव्हे. खोल गुहेचं तापमान बाराही महिने जवळजवळ सारखं असतं, त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. हवा इतकी दमट की भिंत कायम ओली. हे दोन्ही सांभाळलं तरच आतला प्राणी टिकतो, मग भिंत सुंदर असो वा नसो. बऱ्याच ठिकाणी पैसा भिंतीवर जातो.

अमेरिकेतल्या ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००३ साली सुरू झालेलं निशाचर दालन वाळवंटाच्या मोठ्या घुमटाच्या खाली, तळघरात केलंय. वर वाळवंट, खाली रात्र. त्यात गुहा आहे, दलदल आहे, वटवाघळं आहेत. वटवाघळांना उडायला रुंद जागा लागते आणि लटकायला खडबडीत छत. गुळगुळीत छतावर नख रुतत नाही. एवढी साधी गोष्ट, पण छत चुकलं की दालन चुकलं.

यात स्लोव्हेनियातल्या पोस्तोयनाचं उदाहरण मला वेगळं वाटतं, कारण तिथे गुहा बांधलीच नाही. खऱ्या गुहेतच टाक्या ठेवल्या. त्यांत ओल्म नावाचा उभयचर आहे: फिकट गुलाबी, कातडीखाली गेलेले डोळे, मानेशी लाल कल्ल्यांचे झुबके. सतराव्या शतकात पुरात वाहून आलेले ओल्म बघून लोकांना ती ड्रॅगनची पिल्लं वाटायची, हे १६८९ सालच्या एका ग्रंथात नोंदलेलं आहे. तो वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो आणि शंभरीच्या आसपास जगू शकतो असा अंदाज आहे. बोस्नियातल्या एका गुहेत एक ओल्म सात वर्षं जागचा हलला नव्हता. आता याला दाखवणार काय आणि कसं? तासभर काचेपुढे उभे राहा, तो तिथेच. उजेडात जास्त ठेवला तर कातडी काळपट पडायला लागते, म्हणजे आपण जे बघायला आलो तेच बदलतं.

२०१६च्या जानेवारीत पोस्तोयनाच्या टाकीत एका ओल्मने अंडी घातली. लोकांना दाखवायची एवढी दुर्मीळ गोष्ट दुसरी नव्हती. तिथल्या माणसांनी काय केलं, तर टाकी झाकून घेतली. आत इन्फ्रारेड कॅमेरा ठेवला, जो प्राण्याला न दिसणाऱ्या उजेडात चित्र टिपतो, आणि लोकांना पडद्यावर दाखवलं. मेअखेर पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, पुढे वीसेक झाली. माझ्या मते गुहेतले मालक दाखवायची हीच पद्धत बरी. काच काढा, पडदा लावा.

जोगेश्वरीची विहीर

आता त्या भेगा. खडकातल्या भेगांत साठलेल्या पाण्यातही गुहेसारखेच मालक राहतात आणि ते आपल्याला भेटतात विहिरींतून. केरळात कोट्टायमच्या विहिरींतून बादलीत आलेल्या आंधळ्या मांगुरवर्गीय माशाचं वर्णन १९५० साली झालं. केरळातल्याच कोझिकोडकडच्या एका विहिरीतल्या दोऱ्यासारख्या माशाचं वर्णन २०१९मध्ये झालं, त्याचं शास्त्रीय नाव 'पँजिओ भुजिया'. होय, फरसाणातल्या भुजियावरूनच.

आणि २०२२मध्ये मुंबईचा नंबर लागला. जोगेश्वरीत अंधशाळेच्या आवारातल्या एका विहिरीत लालसर, दोरीसारखा, डोळेच नसलेला वाममाशासारखा दिसणारा मासा मिळाला. जगाला तोवर माहीत नसलेली जात. नाव ठेवलं 'रक्तामिक्थिस मुंबा', मुंबाआईवरून. पश्चिम द्रुतगती मार्ग, रेल्वे, मेट्रो, टॉवर यांच्या पायाखाली कुठल्या तरी भेगांतून तो हजारो वर्षं फिरतोय आणि त्याला वरच्या गर्दीची वार्ता नाही.

हा मासा राणीच्या बागेत आणावा का? मला विचाराल तर नाही. त्याचं पाणी, त्याचं अन्न, त्याची वीण यांची पुरती ओळख व्हायच्या आधी टाकीत टाकणं म्हणजे एक मारून एक बघणं. विहिरीत कॅमेरा सोडावा, राणीच्या बागेत पडदा लावावा, आणि पडद्यावर बराच वेळ नुसतं काळं पाणी दिसलं तरी लोकांना थांबवून ठेवावं. विहिरी बुजवून त्यावर पार्किंग करायच्या आत हे झालं तर बरं.

वाळ्याचं काय केलं, ते राहिलं. दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही तो डबा गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पालथा केला. जास्वंदीच्या मुळाशी एक ढेकूळ होतं, त्याच्या कडेला तोंड लावून तो मिनिटाभरात आत गेला. शेपटीचं टोक तेवढं दोन क्षण दिसत राहिलं. भाचीने आइसक्रीमच्या काडीला वहीचा कागद चिकटवून पाटी रोवली: "येथे वाळा राहतो. काच वाजवू नये."

संध्याकाळी काकू मुद्दाम बघायला आल्या. कुंडीवर वाकून त्यांनी बराच वेळ मातीकडे पाहिलं.

"कुठंय?"

"आत," भाची म्हणाली.